डासांना ऐकू येतं हो, पण ते मशीन नाही!

गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. सहा महिन्यांच्या भाचीच्या पाळण्यावरची मच्छरदाणी गायब! विचारलं तर ताई म्हणते, "अरे, ह्यांनी डास पळवायचं मशीन आणलंय. आता कशाला ती जाळी?"

प्लगमध्ये खोचलेला एक पांढरा डबा, त्यावर निळा दिवा. खोक्यावर चार चित्रं: डास, झुरळ, कोळी, उंदीर. चौघांवर लाल फुली. खाली छापलेलं, 'अल्ट्रासॉनिक, २५ ते ६५ किलोहर्ट्झ'. भाऊजी म्हणाले, "काय इंजिनियरसाहेब, स्पेक बघा की!" स्पेकच बघितला आणि डोकं सटकलं.

आपल्याला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही लहानपणी. म्हणजे त्या डब्यातून आवाज येतोय की नुसताच दिवा जळतोय, हे गिऱ्हाईक तपासणार कसं? काय झकास धंदा आहे ना...

आता त्या चार चित्रांकडे जरा नीट बघा. डासाचा कान त्याच्या मिशांच्या बुडाशी असतो. त्याला जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात, आणि नराच्या त्या एवढ्याशा गोळ्यात सुमारे १५,००० संवेदी पेशी असतात. आपला कानाचा पडदा हवेचा दाब मोजतो. डासाची मिशी हवेच्या हालचालीबरोबर स्वतःच डुलते, आणि ते डुलणं पेशी टिपतात. हे सगळं कशासाठी? तर मादीच्या पंखांची गुणगुण ऐकण्यासाठी, आणि ती असते काहीशे हर्ट्झची. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की डेंग्यूवाल्या एडिस डासांचे नर-मादी जवळ आले की आपापल्या पंखांचे सूर जुळवतात, १२०० हर्ट्झच्या आसपास. तोवर मादी बहिरी असते असाच समज होता. तिलाही ऐकू येतं, पण २००० हर्ट्झपर्यंत. म्हणजे २ किलोहर्ट्झ! आणि आमचं मशीन सुरूच होतं २५ पासून. मीडियम वेव्हच्या रेडिओवर डिशचे चॅनेल लावण्यातला प्रकार.

विक्रेते यावर अजून एक पुडी सोडतात. म्हणे मशीन नराचा आवाज काढतं, आणि अंडी धरलेली मादी नराला टाळते. अहो, पण नराच्या पंखांचा आवाजही काहीशे हर्ट्झचाच असतो! मग तो आपल्याला ऐकू यायला हवा की नको?

कोळ्याला तर कानाचा पडदाच नाही. त्याच्या पायांवर बारीक केस असतात, ते हवेच्या हालचालीने हलतात. कॉर्नेलमध्येच एका उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या मेंदूचं रेकॉर्डिंग चालू असताना कोणाचीतरी खुर्ची करकरली, आणि कोळ्याच्या पेशींनी प्रतिसाद दिला. तीन मीटरपेक्षा लांबून! हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याचा कान तेज चालतो तो ८० हर्ट्झच्या आसपास. झुरळाची सगळी मदार शेपटाकडच्या दोन केसाळ टोकांना लागणाऱ्या झुळुकीवर आणि पायांना जाणवणाऱ्या कंपनांवर. तुमची चप्पल पोचायच्या आत ते पसार होतं ते म्हणूनच.

उरला उंदीर. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी. पडदा, तीन हाडं, शंखासारखा आतला कान, सगळं आहे, आणि त्याला ८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकूही येतं. म्हणजे चारांतला एक तरी मशीन ऐकू शकतो, मान्य. पण हा आवाज भिंत सोडा, कपाटामागेही नीट पोचत नाही, आणि उंदराला त्याची सवय होते. अमेरिकेत २००१ मध्येच फेडरल ट्रेड कमिशनने असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना पत्रं धाडली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो.

मग 'किडे अल्ट्रासाउंडला घाबरतात' हे आलं कुठून? ते खरं आहे, पण पतंगांच्या बाबतीत. वटवाघळं त्यांना खातात, म्हणून त्यांचे कान तसे घडलेत. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणपतंगाला तर ३०० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. विक्रेत्यांनी पतंगाचा कान कापून डासाला चिकटवलाय, बस्स. आणि डासांवर चाचण्या झाल्या नाहीत असंही नाही. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात असल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या १० मैदानी चाचण्या तपासल्या. मशीन चालू असो वा बंद, अंगावर बसणाऱ्या डासांत फरक नाही!

पण नुसत्या विक्रेत्यांना शिव्या देऊन आपण सुटत नाही. हे सर्किट कोणीतरी इंजिनियरनेच केलंय ना? आमच्या कॉलेजात एका ग्रुपने ५५५ टायमर वापरून हेच प्रोजेक्ट केलं होतं. परीक्षकांनी ऑसिलोस्कोपवर तरंग बघितला, फ्रीक्वेन्सी बरोबर आली, मार्क दिले. डास कोणी बघितलाच नाही. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

आठशे रुपये गेल्याचं मला काही नाही. एडिस दिवसा चावतो आणि भाची दिवसा झोपते. त्या डब्याच्या भरवशावर तिच्यावरची जाळी काढली, हा संताप आहे.

भाऊजी रविवारी दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "साहेब, डासांवर परिणाम व्हायला पंधरा दिवस लागतात, तोवर बदलून मिळणार नाही." मच्छरदाणी मी त्याच दिवशी परत बांधली. एका कोपऱ्यात भोक आहे, ते ताई शिवणार आहे.