उसातले भय

रघुनाथराव पेशव्यांचा अखेरचा मुक्काम आमच्या कोपरगावी पडला व १७८३ साली येथेच त्यांनी देह ठेवला. तेव्हा भयपटांचा दस्तुर गोदाकाठी चालत असता, तर पुतण्याच्या खुनाचा ठपका माथी घेऊन गेलेल्या ह्या पुरुषाचा येथील वाडा दर अमावास्येस किती गाजला असता! परंतु 'काका, मला वाचवा' ही हाक दंतकथेने शनिवारवाड्यातच ठेवून घेतली, आणि आमच्या वाड्यावरून तिन्हीसांजेला रामनाम जपत जाणारा इसम मला आजवर भेटलेला नाही.

रामसे बंधूंनी मात्र वाड्याहवेल्यांची वहिवाट नेटाने चालविली. १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'च्या जमान्यातला सरंजाम प्रेक्षकांना पाठच असे: बिघडलेली मोटार, कंदीलवाला चौकीदार, उघडू नये असे बजावलेले दार आणि अंधारातून उडी घेणारे एखादे निरुपद्रवी मांजर. त्या मांजराविषयी मला नितांत आदर आहे. संगीत थांबते, प्रेक्षक श्वास रोखतो, मांजर उडते, थिएटर हसते. आणि अंग सैल पडलेल्या त्याच क्षणी, खऱ्याखोट्याची रुजुवात घेण्यास बुद्धीला सवड न देता, खरे संकट कानाशी आदळते.

विशाल फुरिया ह्यांनी २०१७ च्या 'लपाछपी'त, जिचा पुढे हिंदीत 'छोरी' झाला, भय उसाच्या फडात नेले. फडाला भिंत नाही, दार नाही, म्हणूनच सुटकाही नाही. पुरुषभर उंचीच्या उसात चार सऱ्या आत गेलेल्या माणसास आपला बांध कोणत्या अंगाला राहिला हे उमगत नाही, आणि पाचट वाजले ते वाऱ्याने की पावलाने, ह्याचा निवाडा एखाद्या बुद्धिप्रामाण्यवाद्याने रात्री तेथे उभे राहून करून दाखवावा.

आमचे शेजारी, पिढीजात ऊस बागायतदार, हा चित्रपट आमच्या घरी पाहात होते. भूत समोर आले तरी त्यांचे शेंगा सोलणे अखंड चालू होते. मात्र पडद्यावर नुसता ऊस हलला, दिसले काहीच नाही, तेव्हा हातातली शेंग तशीच राहिली. मध्यरात्री थ्री-फेज वीज आली, तसे ते खोरे खांद्यावर टाकून दारे धरायला निघाले, व अंगणातच त्यांनी मोबाइलवर मोठ्याने भजन लावले.

"बिबट्यासाठी हो, नाना," ते म्हणाले. मी काही विचारले नव्हते.