दुष्काळात तेरावा रिचार्ज

आमच्याकडे गेली अनेक वर्षे धुण्याभांड्यास येणाऱ्या मावशी २०२५ च्या पावसाळ्यात एके सकाळी हिरमुसल्या चेहऱ्याने आल्या. विचारल्यावर म्हणाल्या, "सर, चार दिवस फोन बंद होता. रिचार्ज संपला आणि पगार व्हायचा होता. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी फोन लावून पाहिला, लागला नाही. त्यांनी दुसरी बाई ठेवली." एका घराचे काम गेले. कारण एवढेच, की महिना संपण्यापूर्वी रिचार्ज संपला.

मी त्यांचा फोन पाहावयास मागितला. जुना, बटणांचा. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात त्या दर वेळी २९९ रुपये देत आणि दुकानदार 'सगळे मारतात तोच' रिचार्ज मारून देई. त्या रकमेत रोज दीड जीबी इंटरनेट होते. म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. मावशींच्या फोनवर इंटरनेट चालतच नव्हते. फोन घ्यावयाचा, चार घरांचे निरोप ऐकावयाचे, गावी मुलीशी बोलावयाचे, एवढाच त्यांचा उपयोग. आयुष्यभर वर्गात उपभोक्त्याच्या निवडीचा सिद्धांत शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा हिशेब त्या दिवसापर्यंत कधी करून पाहावासा वाटला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

समाजवादी कार्यकर्त्याने रिचार्जचे आकडे मोडीत बसावे काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्याही हाती तेल-रॉकेल-धान्याचा घरगुती हिशेबच होता. आज त्या हिशेबात एक नवी बाब आली आहे. फोन आता चैन राहिलेला नाही. बँकेचा संदेश, गॅसची नोंदणी, मजुरीचे बोलावणे त्याच क्रमांकावर येते. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेली ई-केवायसीसुद्धा आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी आल्यावाचून पुरी होत नव्हती. त्या योजनेचे १५०० रुपये मिळणाऱ्या बाईने २९९ चा रिचार्ज मारला, तर जवळजवळ पाचवा हिस्सा तेथेच गेला. ज्या वस्तूवाचून चालत नाही, तिची मागणी भाव वाढला तरी फारशी घटत नाही. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

प्रथम हा २८ दिवसांचा महिना पाहू. मजुरी मिळते महिन्याने, भाडे द्यावयाचे महिन्याने. फोनचा महिना मात्र चार आठवड्यांचा. वर्षाचे ३६५ दिवस २८ ने भागले की तेरा येतात. म्हणजे बारा पगारांतून तेरा रिचार्ज. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अधिक मासावरून केली. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, हा दरवर्षी येतो. २९९ गुणिले तेरा म्हणजे वर्षाला ३८८७ रुपये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीस निदान एक ३० दिवसांचा आणि एक दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारा रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले. तो ठेवला गेला; पण दुकानावरच्या फलकावर ठळक अक्षरांत २८ च राहिले.

हे एकाएकी घडलेले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली ती फुकट सेवा घेऊन; मार्च २०१७ अखेर ती फुकटच होती. त्या स्पर्धेत आणि आधीच्या कर्जबाजारीपणात रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा या साऱ्यांची मोबाइल सेवा बंद तरी पडली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन तरी झाली. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. खाजगी क्षेत्रात तीनच मोठ्या कंपन्या उरल्या. मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीनदा मोठे दरवाढीचे फेरे झाले आणि प्रत्येक वेळी तिघींनी काही दिवसांच्या अंतराने पावले टाकली. २०१८ च्या अखेरीस ज्याला केवळ येणारे फोन घ्यावयाचे, त्याचे २८ दिवस ३५ रुपयांच्या किमान रिचार्जवर निघत. त्यात बोलण्यास थोडीच रक्कम मिळे, म्हणून आजच्या अमर्याद बोलण्याशी त्याची सरळ तुलना करणे न्याय्य नाही. पण ज्याला बोलावयाचेच नाही, नुसते ऐकावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांचा सर्वांत स्वस्त सर्वसाधारण प्लॅन जिओचा १८९ आणि अन्य दोघींचा १९९ रुपये झाला, हाच त्या बदलाचा अर्थ.

शेतकरी कार्यकर्त्यांना 'लिंकिंग' हा शब्द समजावून सांगावयास नको. युरियाची गोणी हवी असेल तर सोबत नको असलेली बाटली घ्या, असे दुकानदार सांगतो. त्यावर आपण कृषी कार्यालयांवर मोर्चे नेतो. बोलण्यासोबत इंटरनेट गळ्यात बांधणे हे त्याच जातीचे लिंकिंग होय. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमात दुरुस्ती करून प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी निदान एक रिचार्ज द्यावा, असे ठरविले आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये नवे दर आले. ८४ दिवसांसाठी जिओचा ४४८, एअरटेलचा ४६९ आणि व्होडाफोन-आयडियाचा ४७०; वर्षासाठी एअरटेल व व्होडाफोन-आयडिया यांचा १८४९. जिओचा १७४८, मात्र तो ३३६ दिवसांचा.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबावे. १७४८ हे १८४९ पेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त दिसतात. परंतु ३३६ दिवसांनी भागले तर दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतात आणि १८४९ ला ३६५ ने भागले तर ५ रुपये ७ पैसे. स्वस्त दिसतो तो महाग निघतो. म्हणून पहिला नियम असा, की रिचार्जची किंमत पाहू नये. किमतीला दिवसांनी भागावे. १९९ चा २८ दिवसांचा रिचार्ज दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडतो आणि २९९ चा १० रुपये ६८ पैसे. हे दर पुढेमागे बदलतील. भागाकार बदलणार नाही.

मावशींपुरते पाहिले, तर ३८८७ ऐवजी १८४९, म्हणजे वर्षाला २०३८ रुपयांची बचत. एवढे सांगून लेख संपविता आला असता. पण खरी अडचण येथूनच सुरू होते. मी त्यांना वर्षाचा रिचार्ज सुचविला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, अठराशे एकदम कुठून आणू?"

या एका प्रश्नात साऱ्या अर्थव्यवहाराचे सार आहे. ज्याच्या गाठी अठराशे रुपये शिल्लक आहेत, त्याला बोलणे दिवसाला पाच रुपयांत मिळते. ज्याच्यापाशी दोनशेच आहेत, त्याला तेच बोलणे सात रुपयांत घ्यावे लागते. शंभर ग्रॅम तेल विकत घेणारा डबा नेणाऱ्यापेक्षा लिटरमागे जास्त मोजतो, तसेच हे. गरिबीवर बसणारा हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेला नसतो. आणि केवळ बोलण्याचे जे रिचार्ज जानेवारी २०२५ मध्ये आले, ते ८४ दिवसांचे किंवा त्याहून लांब मुदतीचेच होते. महिन्याचा एकही नव्हता. ज्या वर्गाला त्याची सर्वाधिक गरज, त्याच्या मिळकतीच्या मापाचा तो केलाच गेला नाही. नियमाचे अक्षर पाळले गेले, हेतू निसटला.

यावर आपल्या हाती काय आहे? पहिले म्हणजे बचत गट. गटाने सभासद बाईस १८४९ रुपये उसने द्यावेत आणि तिने दरमहा १५५ याप्रमाणे बारा हप्त्यांत फेडावेत. गटाने महिना दोन टक्के व्याज घटत्या शिलकेवर लावले, तरी वर्षाचे व्याज सुमारे २४० रुपये होते. १९९ चे तेरा रिचार्ज मारण्यात २५८७ रुपये जातात. व्याज देऊनही त्या बाईचे सुमारे पाचशे रुपये वाचतात. २९९ मारणारीचे तर अठराशेच्या घरात. शिवाय ते व्याज गटातच राहते. एकत्र खरेदी करून भाव पाडण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून तेच करीत आली आहे.

दुसरे, प्लॅन बदलण्यापूर्वी गरज तपासावी. ज्या घरी मुलांचा अभ्यास फोनवर चालतो, तेथे इंटरनेट लागणारच; तेथे केवळ बोलण्याचा रिचार्ज घेऊन भागणार नाही. पण स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटावापर दिसतो. तो दोन-तीन जीबीच असेल, तर रोज दीड जीबीचे पैसे मोजण्याचे कारण नाही. घरात न वापरले जाणारे दुसरे सिम असेल, तर त्यावरची बँकेची व आधारची नोंद आधी मुख्य क्रमांकावर घ्यावी आणि मगच ते सोडावे.

तिसरे, कंपनी बदलणे. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० वर 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत व पुढे आपला क्रमांक असा एसएमएस पाठविला की सांकेतिक क्रमांक येतो. तो चार दिवस चालतो. तो आधारपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानात न्यावा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले असावेत. एकाच सर्कलमध्ये बदल तीन कामकाजाच्या दिवसांत होतो. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही निराळी सर्कल आहेत, तेथे पाच दिवस धरावेत. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून तो संपत आल्यावर बदल करावा. तो सांकेतिक क्रमांक फोनवर कोणी विचारला तर देऊ नये. परंतु तीन खाजगी कंपन्यांचे दर एकमेकींच्या इतके जवळ आहेत, की केवळ एकीकडून दुसरीकडे गेल्याने हाती फारसे लागत नाही. प्लॅन बदलल्याने लागते.

खरा पर्याय बीएसएनएलचा असावयास हवा होता. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तिने वाढविले नाहीत. त्या एका महिन्यात तिचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले. लोकांनी पायांनी मत दिले. पण वर्षाच्या अखेरीस ग्राहक पुन्हा घटू लागले, कारण स्वस्त दरासोबत सिग्नल मिळेना. ज्या कंपनीतून जानेवारी २०२० अखेर सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली बाहेर पडले, आणि जिची देशव्यापी ४जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे जिओनंतर नऊ वर्षांनी, उद्घाटनापर्यंत पोचली, तिने स्पर्धा कशाच्या बळावर करावी? तरीही जेथे तिचा सिग्नल आहे, तेथे शेजाऱ्याच्या सिमवर घरात व कामाच्या जागी तपासून घेऊन तिच्याकडे जाणे आजही फायद्याचे ठरू शकते. सिग्नल नसताना केवळ निष्ठेपोटी जाण्याचा सल्ला मी मजुरास देणार नाही. त्याचे बोलावणे चुकले तर तो तोटा त्याचा असतो, आपला नव्हे.

भारतातला डेटा जगात स्वस्तांपैकी आहे आणि टॉवर उभारावयास पैसा लागतो, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु जो डेटा घेतच नाही, त्याला त्याच्या स्वस्ताईचे काय? आणि एअरटेलचे दर ग्राहकामागचे मासिक उत्पन्न जुलै २०२४ पूर्वीच्या तिमाहीत २११ रुपये होते, ते त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत २४५ झाले. पैसा कोठून येतो, हे त्या आकड्यात दिसते.

मागणी एकच आणि स्पष्ट असावी: केवळ बोलण्याचा, पुऱ्या महिन्याचा रिचार्ज प्रत्येक कंपनीने द्यावा आणि त्याचा दिवसाचा दर वर्षाच्या रिचार्जपेक्षा नाममात्रच अधिक असावा. दर ठरविणे ट्रायने कंपन्यांवर सोपविले असले, तरी डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने हस्तक्षेप करता येतो हे तिनेच दाखवून दिले आहे. तोवर प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत टेबल टाकावे, लोकांचे रिचार्ज पाहावेत, किमतीला दिवसांनी भागून दाखवावे आणि कोण किती जास्त मोजतो याची वही ठेवावी. ट्रायकडे निवेदन नेताना ती वही उपयोगी पडेल.

मावशींच्या गटाने त्यांना १८४९ रुपये दिले. दर महिन्याच्या सात तारखेला, पगार झाल्यावर, त्या हप्ता भरतात. गेलेले घर मात्र परत मिळाले नाही.