कोपऱ्यावरचा इराणी आणि आम्ही दोघी

मैत्रिणींनो, मुंबईला जाऊन आलेल्या बाईला घरी पहिला प्रश्न असतो, काय काय पाहिलं? राणीचा बाग, गेटवे, सिद्धिविनायक अशी यादी सांगितली की समोरच्याचं समाधान होतं. मी मात्र यंदा सांगितलं, "हॉटेलं पाहिली." सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. "हॉटेलं? ती काय पाहायची असतात?"

असतात बरं! म्हणूनच आजचं हे पान त्यांच्यासाठी.

कापसाची पहिली वेचणी आटोपली आणि भाच्याचा फोन आला, "मामी, आईला घेऊन या. ती एकटी काही यायची नाही." भाचा म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा. मुंबईत नोकरीला आहे. ताईंना, म्हणजे नणंदेला, मी गेली कित्येक वर्षं ओळखते आणि ओळखतही नाही. यजमान दारूपायी गेले. शेत आधीच गेलं होतं. मुलाला घेऊन त्या फुलसावंगीला माहेरी परत आल्या, शिवणकामावर त्याला शिकवलं. दारू हा शब्द त्यांच्यासमोर आम्ही कुणी काढत नाही. तर अशा आम्ही दोघी उमरखेडवरून नांदेडला आलो आणि रात्रीच्या गाडीत बसलो.

भाच्याला छंद आहे जुन्या हॉटेलांचा. पहिल्याच सकाळी तो आम्हाला धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोरच्या 'कयानी'त घेऊन गेला. हे हॉटेल १९०४ सालचं. उंच छत, लाकडी खुर्च्या, बरण्यांतून खारी आणि बिस्किटं. जवळच 'ससानियन' आहे, तेही १९१३ पासूनचं. चहाबरोबर मस्का लावलेला बन आला. ताई आधी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पाहुण्याच्या घरी बसावं तशा. बन चहात बुडवला आणि मग कुठे पाठ टेकली.

हे इराणी इथे आले कसे, ते भाच्याने सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून छळाला आणि दुष्काळाला कंटाळून झरतुष्ट्री कुटुंबं मुंबईला आली. पारशी मंडळी इथे शेकडो वर्षं आधीपासून होती, हे त्यांचे मागून आलेले भाऊबंद. चौकाच्या कोपऱ्यावरची जागा धंद्याला अशुभ असा आपल्या लोकांचा समज, म्हणून ती जागा यांना मिळाली असं सांगतात. कोपरा म्हणजे दोन रस्त्यांचा उजेड, वारा आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक! अशुभ म्हणून टाकलेल्या जागेवर लोकांनी संसार उभे केले. ताई हे ऐकताना बशीतल्या चहाकडे बघत होत्या.

पुढचं तुमच्या-माझ्या कामाचं आहे. यांतल्या बऱ्याच हॉटेलांत एका बाजूला 'फॅमिली रूम' असे. लाकडी आडोसा, नाहीतर पडदा. घरंदाज बाईने हॉटेलात बसायचं नाही असा तो काळ. पण या आडोशामागे बायका बसू शकत. मुंबईतल्या कितीतरी बायकांनी घराबाहेरचा पहिला चहा असाच पडद्यामागे घेतला असेल. आज तो पडदा बघून आपल्याला हसू येतं. पण खरं सांगा, तुमच्या गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात तुम्ही कधी आत बसून चहा प्यायलात? मी नव्हते प्यायले. आपला चहा बाहेर येतो, गाडीच्या खिडकीशी. पडदा नसला म्हणून काय झालं!

दुपारी बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' पाहिलं, १९२३ चं. तिथला बेरी पुलाव नावाजलेला. भातावर लहान आंबट लाल बेरी असतात, त्या इराणातून येतात. इथले बोमन कोहिनूर हे म्हातारे मालक टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकाशी बोलत, म्हणून प्रसिद्ध होते. २०१९ साली ते वारले. एके काळी मुंबईत अशी हॉटेलं शेकडो होती. आता मोजकीच उरली आहेत. पुढची पिढी दुसऱ्या कामधंद्यात गेली, जागेचे भाव वाढले. गोष्ट आपल्या शेतीसारखीच.

आता संध्याकाळची गोष्ट. गेटवे बघून आम्ही कुलाब्याच्या रस्त्याला लागलो. रीगल सिनेमाजवळ 'मोंडेगार' आहे, १९३२ चं. भिंतीभर मारिओ मिरांडांची चित्रं! लांब नाकांची, फुगऱ्या पोटांची माणसं. ताई चक्क तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही बसलो, लिंबूपाणी मागवलं. आणि शेजारच्या टेबलावर बिअरची बाटली येऊन उभी राहिली.

ताईंचं हसू गेलं. "इथे देतात?" त्यांनी मुलाला विचारलं.

तो गोरामोरा झाला. "देतात गं आई. सांगायला हवं होतं मी. उठायचं का?"

हा खुलासा करायला हवा. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, तेव्हा इराण्याकडे चहा आणि पावच. पुढे बंदी सैल झाली तसे काहींनी बिअरचे परवाने घेतले. फोर्टातलं 'मिलिटरी', कुलाब्याचं मोंडेगार आणि १८७१ पासूनचं 'लिओपोल्ड' ही त्यातलीच. लिओपोल्डवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. त्या खुणा भिंतीत अजून जपल्या आहेत, आणि थोड्याच दिवसांत हॉटेल पुन्हा उघडलं होतं. सगळे इराणी बिअर देत नाहीत, पण काही देतात. जाण्याआधी आपल्या माणसांना ते सांगून ठेवावं, हा धडा मी त्या दिवशी शिकले.

ताई उठल्या नाहीत. शेजारी पन्नाशीचं जोडपं होतं. एक बाटली, दोघांत. बाई काहीतरी सांगत होत्या, तो गृहस्थ ऐकत होता. अर्ध्या तासाने बिल देऊन दोघं निघून गेले. ताईंनी लिंबूपाणी संपवलं, अगदी तळाची साखरही चमच्याने काढली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वहिनी, मला वाटायचं बाटली दिसली की माझा जीव जाईल. गेला नाही. पण ती माणसं किती निवांत होती म्हणून दारू चांगली, असं मला कुणी सांगू नये. माझं घर गेलं ते गेलंच." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक मात्र दिसलं. तिथे बाई समोर बसलेली होती. आमच्याकडे ते जिथे बसायचे तिथे मी कधी गेलेच नाही. जायची सोयच नव्हती. मला फक्त दारात वाट बघायची."

मी काय बोलणार? त्यांचा हात हातात घेतला, इतकंच.

मैत्रिणींनो, वाट बघण्यापलीकडेही एक सोय आपल्याला आहे, ती माहीत असू द्या. आपल्या यवतमाळला लागूनच वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. पण जिल्ह्याची बंदी नसली तरी गावातलं परवान्याचं दुकान बंद करायला बायकांना मतदान मागता येतं. गावातल्या महिला मतदारांपैकी पाव हिश्श्याने सह्यांचा अर्ज द्यायचा, तो उत्पादन शुल्क खात्यामार्फत तपासला जातो. मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी' निवडली की दुकान बंद. मतदानाला न गेलेली बाईही यात मोजली जाते, म्हणून घरात बसून भागत नाही. चोरटी दारू याने थांबते असं नाही, त्यासाठी पोलिसांच्या मागे लागावंच लागतं.

आता थोडं घरगुती. इराणी चहा घरी करायचा तर पाणी, साखर आणि चहापूड मंद आचेवर चांगली उकळू द्या, रंग गडद व्हायला हवा. दूध वेगळ्या पातेल्यात आटवून दाट करा. कपात आधी चहाचं पाणी, वरून दूध. आलं-वेलची नको. बन मधोमध कापून लोणी हात आखडता न घेता लावा. घरचं लोणी असेल तर चिमूटभर मीठ घाला.

मुंबईला गेलात तर ही हॉटेलं सकाळी गाठा, गर्दी कमी असते आणि माल ताजा. पैसे सुटे न्या. आणि पडद्याआड नको, खिडकीशी बसा.

परतीच्या दिवशी फुलसावंगीला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हे घ्यायला यायचे होते, पोचले नव्हते. स्टँडवरच्या हॉटेलात नेहमीची माणसं बाकावर बसलेली. मी पिशव्या घेऊन लिंबाखाली उभी राहिले, सवयीने. ताई पुढे गेल्या. सरळ आत. बाकावरच्या माणसांनी वर पाहिलं. एकाने वर्तमानपत्र उचलून जागा केली. मालकाने खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसलं.

"दोन चहा," ताई म्हणाल्या, "आणि आतच आणा."

मग मला हाक मारली, "वहिनी, या ना! उन्हात काय उभ्या राहिलात?"

चहा पाणचट होता, खरं सांगते. पण आम्ही दोघींनी तो सावकाश प्यायला.