गणपतरावांची आमदारकी: एका आक्षेपाचे खंडन

सांगोल्याचे गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजी निवर्तले तेव्हा त्यांच्या सद्गुणांचे कीर्तन सर्व पक्षांच्या मुखांनी झाले. परंतु शोकसभांच्या सतरंज्या गुंडाळल्या जातात न जातात तोच एक आक्षेप प्रथम दबक्या आवाजात आणि पुढे उघडपणे उच्चारला जाऊ लागला, आणि तो इतक्या समंजस माणसांच्या तोंडून आजही ऐकू येतो की त्याला उत्तर न देणे म्हणजे तो मान्य करण्यासारखेच होईल. आक्षेप असा: 1962 पासून 2014 पर्यंत ज्या मतदारसंघाने या गृहस्थाला अकरा वेळा विधानसभेत धाडले, त्या मतदारसंघाच्या पदरात या निष्ठेच्या मोबदल्यात पडले काय? माणूस सज्जन होता, निःस्पृह होता, याविषयी वाद नाही. पण शेतकरी कामगार पक्षासारख्या उत्तरोत्तर क्षीण होत जाणाऱ्या पक्षाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी त्याने बहुतेक सारी हयात विरोधी बाकांवर काढली, आणि तेच सत्ताधारी पक्षात वेळीच गेला असता तर सांगोल्याच्या माळरानावर पाटाचे पाणी वीस वर्षे आधी खेळले असते. तात्पर्य, वैयक्तिक चारित्र्य उज्ज्वल आणि राजकीय कारकीर्द निष्फळ.

हा पूर्वपक्ष उथळ नाही, हे मी आरंभीच कबूल करतो. टँकरची वाट पाहत दुपारभर उन्हात घागरींची रांग राखणाऱ्या बाईच्या मनात तो येत असेल तर तिला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या गृहीतांवर तो उभा आहे ती गृहीते असत्य आहेत, आणि ती असत्य असताना सर्वमान्य होऊ पाहत आहेत, हे सांगोल्याहूनही अधिक या राज्याचे दुर्दैव आहे.

मात्र आक्षेपकांशी दोन हात करण्यापूर्वी गणपतरावांच्या चाहत्यांशी माझे भांडण आहे, ते आधी उरकतो. गणपतरावांविषयी लिहिताना दहांपैकी नऊ लेखक एस. टी. च्या लाल गाडीपासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात. आमदार असूनही ते एस. टी. ने प्रवास करीत, राहणी साधी होती, संपत्तीचा लोभ नव्हता. हे सर्व खरे आहे आणि आदरणीय आहे. पण प्रामाणिकपणा हे लोकप्रतिनिधीचे कर्तृत्व नव्हे, ती त्याची किमान पात्रता होय. आणि पात्रतेलाच कर्तृत्व म्हणून मिरविण्यात आपण नकळत असे सुचवितो की या माणसापाशी दाखविण्यासारखे दुसरे काही नव्हते. असल्या स्तुतीने आक्षेपकाचे काम अर्धे होऊन जाते. ज्याने सभागृहात पाच दशके अर्थसंकल्पाची पाने उलटली, मंत्र्यांना उत्तरे देण्यास भाग पाडले, 1977 साली विरोधी पक्षनेतेपद सांभाळले, त्याला केवळ बसच्या खिडकीशी बसलेला साधुपुरुष करून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. त्याचे पहिले गृहीत असे की आमदार म्हणजे मतदारसंघासाठी निधी खेचून आणणारा मनुष्य. ही कल्पना आज इतकी रुजली आहे की तिचा उगम कोणी विचारीतही नाही. गावोगावच्या फलकांवर रस्त्याच्या, सभामंडपाच्या, प्रवेशकमानीच्या खर्चापुढे आमदारांचे नाव झळकते आणि वाचणाऱ्याला वाटते की ही रक्कम त्यांनी दिली. वास्तविक ती सरकारी तिजोरीतली, म्हणजे वाचणाऱ्याच्याच खिशातली असते. स्थानिक विकास कार्यक्रमातून आज प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात; ही रक्कम सत्ताधारी आमदारालाही तेवढीच आणि विरोधी आमदारालाही तेवढीच. त्यापलीकडचा जो निधी ‘आणला’ असे म्हणतात, तो एक तर नियमाने यायचाच असतो, किंवा दुसऱ्या एखाद्या, कमी वजनाच्या तालुक्याच्या ताटातून उचललेला असतो. पहिल्या प्रकारात पराक्रम नाही आणि दुसऱ्या प्रकारात न्याय नाही.

राज्यघटनेने आमदाराला काय काम सांगितले आहे? तिच्या 203 व्या कलमान्वये अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे मांडाव्या लागतात, आणि त्यांस संमती देण्याचा, ती नाकारण्याचा अथवा मागितलेली रक्कम घटविण्याचा अधिकार त्या सभागृहाला आहे. म्हणजे सांगोल्याचा आमदार हा सांगोल्याच्या वाट्याचा कारकून नसून गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या साऱ्या खजिन्याचा पहारेकरी आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, लोकलेखा समितीतील तपासणी ही सर्व शस्त्रे त्याला याच पहाऱ्यासाठी दिलेली आहेत. ती गंजत ठेवून जो मंत्र्याच्या दालनाबाहेर शिफारसपत्रांची चळत घेऊन तिष्ठतो, तो कितीही निधी आणो, त्याने आपली आमदारकी बजावली असे म्हणता येत नाही. इनामदाराच्या कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्या रयतेचा तो प्रमुख झाला, एवढेच.

या दोन कल्पनांमधला भेद ज्या एका उदाहरणात लख्ख दिसतो ते रोजगार हमीचे आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1972 च्या निवडणुकीत गणपतराव पराभूत झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ कोसळला, ज्याच्या आठवणी माणदेशात आजही खडी फोडणाऱ्या हातांच्या रूपाने सांगितल्या जातात. मस्टरवर नाव लागावे म्हणून मुकादमाच्या पाया पडणारी कुणब्याची पोरे, तान्ह्या मुलाला बाभळीच्या सावलीत ठेवून दगड फोडणाऱ्या बाया, सुकडीसाठी लागलेल्या रांगा हे त्या वर्षीचे चित्र होते. त्यापूर्वीही दुष्काळी कामे निघत असत. पण ती सरकारच्या मर्जीने निघत आणि सरकारच्या मर्जीने बंद होत. पैसेवारी किती लावावी हे कलेक्टर ठरवी, तगाई कोणाला द्यावी हे मामलेदार ठरवी, आणि कोणाचे नाव पुढे सरकवावे हे स्थानिक पुढारी ठरवी. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या योजनेने या मर्जीच्या मुळावर घाव घातला. पागे काँग्रेसचे होते. परंतु ती योजना कागदावरून उतरून कायदा व्हावी, तिच्यासाठी व्यवसायकरासारखे हुकमी उत्पन्न राखून ठेवले जावे, आणि दुष्काळ सरल्यावरही ती सरू नये, यासाठी रस्त्यावरून जे मोर्चे निघाले आणि सभागृहात जो तगादा लागला तो प्रामुख्याने डाव्या विरोधी पक्षांचा होता. 1974 च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने गणपतरावांना परत पाठविले. 1977 साली रोजगार हमीचा अधिनियम दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला; त्या दिवशी राज्यावर पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोदचे) सरकार होते आणि गणपतराव त्या सरकारात मंत्री होते. या कायद्याचे श्रेय एकट्या त्यांना देण्याइतका मी अविवेकी नाही. ते अनेकांचे श्रेय आहे, आणि नेमके त्यामुळेच ते फलकावर लिहिता येत नाही.

आता पाहा, या कायद्याने काय दिले. अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण प्रौढ माणसाने रीतसर मागणी केली की पंधरा दिवसांच्या मुदतीत त्याला काम द्यावयाचे, आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. कायदा कागदावर असला तरी कचेरीत टाळाटाळ झाली, मस्टरवर खोटी नावे चढली, मजुरी थकली, हे सर्व घडले आणि ते लज्जास्पद आहे. पण टाळाटाळीविरुद्ध भांडावयाला मजुराच्या हातात कलम आले, ही गोष्ट त्यापूर्वी कधी घडली नव्हती. कामाची मागणी करावयाच्या त्या अर्जावर मजुराचे नाव असते, गाव असते, अंगठा असतो; आमदाराच्या शिफारशीला तिथे जागाच नाही. पुढे 2005 साली संसदेने साऱ्या देशासाठी जो ग्रामीण रोजगार हमी कायदा केला त्याची वाट महाराष्ट्राने आधी मळलेली होती. सांगोल्याने निवडून दिलेल्या माणसाच्या खटपटीचा अंश बिहारमधल्या आणि राजस्थानातल्या मजुराच्या हाती पोहोचला असेल, तर ‘मतदारसंघाला काय मिळाले’ या प्रश्नाचे माप किती तोकडे आहे हे वेगळे सांगावयास नको.

आक्षेपाचे दुसरे गृहीत असे की सत्ताधारी पक्षात गेल्याने पाणी लवकर आले असते. हे विधान तपासण्याचा मार्ग सुदैवाने आपल्यापाशी आहे, कारण सांगोल्याच्या सभोवती त्याच्याच दैवाचे तालुके आहेत. जत, आटपाडी, माण, मंगळवेढा या तालुक्यांनी सत्ताधारी पक्षाचे आमदार वारंवार निवडून दिले. त्यांच्या शेतांत पाणी सांगोल्याच्या वीस वर्षे आधी खेळले काय? जत तालुक्याच्या सीमेवरील गावे तर पाण्यावाचून इतकी गांजली की त्यांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. मग विलंबाचे कारण आमदाराच्या बाकात कसे असेल? ते कारण कृष्णा खोऱ्याच्या नियोजनात होते. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले 560 अब्ज घनफूट पाणी प्रथम नदीकाठच्या उसाला गेले. अवर्षणग्रस्त पूर्व भागाकडे ते उपसून नेण्याच्या योजनांना खरी गती आली ती लवादाच्या निर्णयाच्या फेरविचाराची मे 2000 ची मुदत डोक्यावर आल्यानंतर, 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाल्यावर. ही गती आपोआप आली नाही. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी ज्या पाणीपरिषदा भरविल्या, त्यांत गणपतराव अग्रभागी होते, आणि तिथे मागणी केली गेली ती ‘आमच्या तालुक्याला आधी द्या’ अशी नव्हे, तर समन्यायी वाटपाची, म्हणजे खोऱ्यातील प्रत्येक कुटुंबाच्या पाण्यावरील हक्काची. एका तालुक्याच्या आमदाराने शेजारच्या बारा तालुक्यांच्या तहानेसाठी भांडावे, ही गोष्ट निधीच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहावी हे आक्षेपकांनीच सांगावे.

तालुक्यात त्यांनी काहीच उभे केले नाही, असेही नाही. शेतकरी सहकारी सूतगिरणी सांगोल्यासारख्या कोरडवाहू मुलखात त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. पण त्या तपशिलात मी शिरत नाही, कारण माझा वाद त्या पातळीवरचा नाही.

तिसरा मुद्दा पक्षनिष्ठेचा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. शेतकरी कामगार पक्ष 1947 साली निघाला. ज्या केशवराव जेध्यांनी आणि शंकरराव मोऱ्यांनी तो काढला ते काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले, आणि पुढे यशवंतराव मोहित्यांसारखे मातब्बरही गेले. त्यांच्या जाण्याला कारणे असतील. बहुजन समाजाने सत्तेत राहूनच आपले हित साधावे हा त्यांचा युक्तिवाद मी क्षुद्र मानीत नाही. परंतु मतदार जेव्हा मत देतो तेव्हा तो एका माणसाबरोबर एक विचार, एक जाहीर भूमिका निवडतो, आणि ती पुढच्या निवडणुकीपर्यंत प्रतिनिधीपाशी ठेव म्हणून असते. ठेव घेऊन दुसऱ्याच्या घरी राहावयास जाणाऱ्याने ती व्याजासह परत करीन असे सांगितले तरी ठेवीदाराची संमती त्याने घेतलेली नसते. ही साधी गोष्ट पाळली जावी म्हणून 1985 साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडावे लागले, 2003 साली त्यातली एकतृतीयांश फुटीची पळवाट बुजवावी लागली, आणि तरीही 2022 साली महाराष्ट्राचे आमदार सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले. त्यांत सांगोल्याचे तेव्हाचे आमदारही होते.

गणपतरावांची निष्ठा हट्टाची होती असे म्हणणाऱ्यांनी 1995 साल आठवावे. त्या वर्षी ते पडले. सलग पाच वेळा निवडून दिलेल्या मतदारांनी त्यांना नाकारले, आणि पक्षाची अवस्था अशी की दुसरे दार ठोठावले असते तर कोणी आश्चर्य केले नसते. ते त्याच पक्षाच्या नावावर पुन्हा लोकांपुढे गेले आणि 1999 साली लोकांनी त्यांना पुन्हा स्वीकारले. जो पराभव पत्करू शकतो त्याच्याच विजयाला जनादेश म्हणता येते, आणि ज्या मतदारांना आपला प्रतिनिधी उद्या कुठे असेल याची खात्री असते त्यांनाच त्याला पाडण्याचेही खरे स्वातंत्र्य असते. सांगोल्याच्या मतदारांनी ते दोनदा वापरले, आणि दोन्ही वेळा फिरून आपलाच निर्णय बदलला. महाराष्ट्रात लोकशाहीचा इतका सुबुद्ध व्यवहार फार थोड्या ठिकाणी मला दिसतो.

तथापि काही गोष्टी मला कबूल केल्या पाहिजेत. पक्ष वाढला नाही. ज्या कष्टकऱ्यांच्या राज्याची भाषा पक्षाने दाभाडीच्या प्रबंधात केली, त्या राज्याकडे जाणारी वाट त्याच्या हयातीतच अरुंद होत गेली, आणि सांगोला हा एका चळवळीचा गड राहण्याऐवजी एका माणसाचा गड बनला. गणपतरावांभोवती दुसऱ्या फळीचे कार्यकर्ते होते, पण सभागृहात त्यांची जागा घेईल असा कोणी दिसेना; 2019 साली ते निवृत्त झाले तेव्हा उमेदवारी अखेर नातवाकडे गेली, आणि ती जागा हजाराच्या आतल्या मतांनी हातची गेली. 2024 साली दुसऱ्या नातवाने ती परत मिळविली. घराणेशाहीवर इतरांना बोलताना मी जी भाषा वापरतो ती इथे गिळून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मला सलते ते हेच, की ज्या पक्षाने मर्जीच्या जागी हक्क आणण्यासाठी उभा जन्म घालविला, त्याच्या वारशाचा प्रश्न येताच उत्तर घरातूनच शोधावे लागले. त्याचा दोष गणपतरावांवर किती, पक्षावर किती आणि नावाला मत देण्याच्या आपल्या सर्वांच्या सवयीवर किती, हे ठरविताना आक्षेपक आणि मी कदाचित प्रथमच एका बाजूला बसलेले असू.