ठराव झाला, पुढें काय?

नागपुरांत बहुजन समाजाच्या सभांस तोटा नाहीं. सभा होते, हार पडतात, फुले-शाहू-आंबेडकरांचा जयजयकार होतो आणि शेवटीं ठराव येतो: यापुढें घरचें लग्न सत्यशोधक पद्धतीनें लावावें, हुंडा घेऊं नये, नवरा वारला म्हणून बाईच्या बांगड्या फोडूं नयेत. हात वर होतात. ठराव एकमतानें पास! आणि लग्नसराई आली कीं तेच हात पंचांग घेऊन भटजींच्या दारांत जोडलेले! आम्ही विचारतों, हा ठराव होता कीं नुसता देखावा?

आमच्या मतें यांत लोकांच्या मनाचा जितका दोष आहे, त्याहून अधिक पुढाऱ्यांच्या रीतीचा आहे. नवा आचार समाजांत रुजविण्याच्या रीती अनेक आहेत. कोणती कोठें पोंचते व कोठें अडते, याची परीक्षा आमच्याच इतिहासांत होऊन गेली आहे. पण ती तपासण्याची तसदी घेतो कोण?

पहिली रीत ठरावाची. 1923 सालीं रावबहादूर बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव पास करून घेतला. 1924 त महाड म्युनिसिपालिटीनेंही त्यास अनुसरून ठराव केला. तरी चवदार तळें अस्पृश्यांस बंदच राहिलें. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर चालत गेले व पाणी प्याले, तेव्हां त्या कागदास पाय फुटले. त्याच वर्षीं म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला, आणि हायकोर्टांत अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागण्यास 1937 साल उजाडावें लागलें! यावरून ठराव व्यर्थ, असें कोणी म्हणूं नये. ठराव ही पायरी आहे. पण पायरीवरच बसून राहणारास घर मिळत नाहीं.

दुसरी रीत कायद्याची व सरकारी हुकुमाची. मे 2022 त कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यांत सरकारनें इतर गांवांनीं तोच कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. हेरवाडचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. पण परिपत्रक सरणापर्यंत चालत जात नाहीं. नवऱ्याचें प्रेत अंगणांत असतां बांगड्या फोडण्यास चार हात पुढें येतात, त्या घटकेस त्यांस अडविणारा पांचवा हात कोणाचा? किती गांवांनीं ठराव केला हें मोजूं नका. किती भगिनींचें कुंकू राहिलें तें मोजा. खरा हिशेब तोच.

तिसरी रीत सोयीची, आणि तिचा विसर आम्हांस फार पडतो. महात्मा फुले यांनीं 1873 त सत्यशोधक समाज स्थापिला तो नुसती भटशाहीवर टीका करण्यास नव्हे. त्याच वर्षीं भिक्षुकावांचून लग्न लावून दाखविलें व मंगलाष्टकेंही आपलीं तयार केलीं. पुढें शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरांत बहुजनांचे पुरोहित तयार करण्याची शाळा निघाली. भास्करराव जाधवांनीं ‘घरचा पुरोहित’ लिहिला. त्यांनीं ओळखलें होतें कीं मांडव पडला, वऱ्हाड आलें, अशा वेळीं मुलीच्या आईस तत्त्वज्ञान नको असतें; लग्न नीट लागेल ना, एवढाच घोर असतो. त्या भीतीस हंसणें सोपें आहे. तिचा हात धरणारा माणूस उभा करणें कठीण! आज आमच्या किती वस्त्यांत असे दोन माणूस तरी आहेत?

चौथी रीत पाहण्यास दूर जाणें नको. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं याच नागपुरांत बाबासाहेबांनीं आधीं स्वतः महास्थविर चंद्रमणी यांजकडून दीक्षा घेतली आणि मग लाखों लोकांस दिली. पुढारी आधीं, अनुयायी मागून! पोषाख पांढरा, दिवस ठरलेला, आणि बावीस प्रतिज्ञा प्रत्येकानें आपल्या तोंडानें म्हणावयाच्या. बावीस कां, एक कां नव्हे? कारण जुनी रूढि बावीस दारांनीं घरांत शिरते. एक दार लावलें तर दुसऱ्यानें येते. देव, श्राद्ध, पिंडदान, ब्राह्मणाहातचें क्रियाकर्म, दारू, सगळीं दारें एकदम लावलीं. दोन महिनेही झाले नाहींत तोंच, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. तरी तो आचार बुडाला नाहीं. कारण तो पुढाऱ्याच्या भाषणांत नव्हता, लोकांच्या मुखांत होता. आणि दर वर्षीं दीक्षाभूमीवर जमून लोक त्यास उजाळा देतात.

कुणबी, तेली, माळी म्हणविणाऱ्या आमच्या बंधूंस आम्ही स्पष्ट विचारतों: हा धडा तुमच्याच गांवांत घडला असतां तो ‘त्यांचा’ म्हणून तुम्हीं बाजूस कां ठेवला? विद्येसही विटाळ होतो काय?

यावर ‘घरांतल्या बायका ऐकत नाहींत’ ही सबब नेहमीची. वाहवा! सभेंत किती बायांस बोलाविलें होतें? 20 जुलै 1942 रोजीं याच शहरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित महिलांची परिषद भरली आणि घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वास बंदी यांची मागणी त्या बायांनींच केली. ज्यांस विचारलें, त्या पुढें गेल्या. ज्यांस विचारलें नाहीं, त्यांवर खापर फोडणें हा पुरुषार्थ नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच. दहा ठराव नकोत. वर्षाला एकच आचार निवडा. तो निवडतांना बायांचें मत आधीं घ्या. ठरावावर हात वर करणारानें पहिलें कार्य आपल्या घरीं करावें, नाहींतर पद सोडावें. प्रत्येक वस्तींत लग्न लावणारे दोन पुरुष व दोन बाया तयार करा. त्यांस दक्षिणा नको, मान द्या. एक वही ठेवा: कोणतें घर, कोणतें कार्य, कोणत्या पद्धतीनें झालें, आणि न झाल्यास अडलें कोठें. पुढल्या दसऱ्यास ती वही भर सभेंत वाचा. आंकडा लहान निघाला तर लाजूं नका. रीत बदला, ध्येय बदलूं नका. आणि वही कोरी निघाली, तर त्या दिवशीं नवा ठराव मांडूं नका. मान खालीं घालून घरीं जा व कामास लागा!