पुस्तक मिटा, मग लिहा

बारावीचे वर्ष सुरू झाले की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, "अभ्यासाला बस." मूल बसते. पुस्तक उघडते, वाचते, ओळींखाली रेघा मारते, पुन्हा वाचते. आईला वाटते, चार तास अभ्यास झाला. मुलालाही तसेच वाटते. मग चाचणीचा पेपर हातात पडतो आणि काही आठवत नाही. "मला डोकेच नाही" असे म्हणून मूल खचते. पालकही तसे मानू लागतात, आणि कधी कधी शिक्षण तिथेच थांबते. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, खोट बहुतेक वेळा अभ्यासाच्या रीतीत असते. ती रीत बदलायला एक पैसाही लागत नाही.

जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते, हे त्यांनी दाखवले. पुढे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. आपली बोर्डाची परीक्षा तर वाचल्यानंतर कित्येक महिन्यांनी येते.

तेव्हा नियम साधा आहे. धडा एकदा नीट वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तोच धडा पुन्हा असाच लिहा. लाल अक्षरे कमी होत गेली की समजावे, धडा आपला झाला.

मात्र सगळे विषय एकाच साच्यात बसत नाहीत. प्रत्येक विषयाचे मागणे वेगळे असते.

गणितात सोडवलेले उदाहरण वाचले की सारे समजल्यासारखे वाटते. उत्तर झाका आणि स्वतः सोडवा. अडलात तर एकच पायरी बघा आणि पुन्हा झाका. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवण्यापेक्षा तीन-चार धड्यांची मिसळून सोडवा. परीक्षेत कोणते सूत्र लावायचे, हे वर कोणी लिहून देत नाही.

भौतिकशास्त्रात सूत्र पाठ करण्याआधी ते काय सांगते ते आपल्या शब्दांत मांडा. लोलकाची लांबी चौपट केली तर आंदोलनाचा काळ दुप्पट होतो. का, हे धाकट्या भावंडाला सांगता आले पाहिजे. उत्तराला एकक लिहायला विसरू नका. रसायनशास्त्रात अभिक्रिया साखळीने लिहा. एथॅनॉलपासून एथॅनाल, त्यापासून एथॅनॉइक आम्ल. प्रत्येक बाणावर कोणता पदार्थ वापरला तेही मांडा. जीवशास्त्राची आकृती न बघता काढा आणि नावे द्या.

वाणिज्य शाखेच्या मुलांनो, पुस्तपालन डोळ्यांनी येत नाही, हाताने येते. भागीदारी संस्थेच्या अंतिम खात्यांत प्रत्येक समायोजनाची नोंद दोन ठिकाणी होते. अखेरचा माल व्यापार खात्याच्या जमा बाजूला येतो आणि ताळेबंदात संपत्ती बाजूला. देणे असलेली मजुरी व्यापार खात्यात मजुरीत मिळवायची आणि ताळेबंदात देयता बाजूला दाखवायची. अशा समायोजनांची एक वेगळी वही करा.

कला शाखेत सनावळीची घोकंपट्टी पुरत नाही. इतिहासात कारणांची साखळी बांधा. १४५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल तुर्कांच्या ताब्यात गेले, खुष्कीचा व्यापारमार्ग अडचणीत आला, समुद्रमार्गाचा शोध वाढला, आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. साखळी कळली की साले आपोआप जागेवर बसतात. अर्थशास्त्रात मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली का उतरतो, ते आकृती काढून चार ओळींत लिहा.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना विज्ञान शाखेत एकदम इंग्रजीला तोंड द्यावे लागते. तिथे पुष्कळ हुशार मुले गप्प होतात. त्यांनी रोज पाच शब्दांची वही ठेवावी: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि त्याचे एक वाक्य. संकल्पना आधी मराठीत समजून घ्यावी, मग इंग्रजीत लिहावी. यात कमीपणा काही नाही.

आता वेळेचा हिशेब. गणित आणि भाषांचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. एका गुणाला दोन मिनिटे धरली तर १६० मिनिटे होतात आणि तपासायला २० उरतात. म्हणजे चार गुणांच्या प्रश्नाला आठ मिनिटे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा. उरलेले ३० गुण प्रात्यक्षिकाचे. प्रयोगवही वेळेवर पुरी करणाऱ्याला ते अवघड नसतात. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. बालभारतीची पाठ्यपुस्तके मोबाईलवर विनामूल्य उतरवता येतात.

एका खोलीच्या घरात हे कसे जमायचे, हा खरा प्रश्न आहे. सलग चार तास मिळत नसतील तर चाळीस मिनिटांचे तुकडे करा. पहाटे, नळाला पाणी येण्याआधी, एक तुकडा. संध्याकाळी वाचनालयात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन. झोप मात्र तोडू नका. शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते.

माता-पित्यांनो, "आम्हाला कुठे येते यातले" असे म्हणू नका. मुलाच्या हातातले पुस्तक घेऊन मिटा आणि म्हणा, "आता सांग बरे." तो अडखळला की तुम्हाला कळेल, आणि त्यालाही. त्या वेळी टीव्ही बंद ठेवा. आणि घरातली मुलगी बारावीला असेल तर भांडी तिच्या भावाने घासावीत. तिचा रोजचा एक तास त्यातून निघतो. वर्षाचे ते तीनशेहून अधिक तास होतात.

या आठवड्यासाठी एवढेच करा. सर्वांत अवघड वाटणाऱ्या विषयाचा एक धडा निवडा. आज रात्री वाचा, पुस्तक मिटा, एक पान लिहा. ते पान जपून ठेवा. पुढच्या रविवारी त्याच धड्याचे दुसरे पान लिहून शेजारी ठेवा, आणि आई-वडिलांना दोन्ही दाखवा. लाल शाई किती कमी झाली, ते त्यांनाही दिसेल.