मर्यादा वाढवण्याआधी

२५ नोव्हेंबर २०२०. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा आदला दिवस. व्हर्जिनिया भागातल्या अॅमेझॉनच्या ‘कायनेसिस’ या सेवेत पहाटे थोडे जादा सर्व्हर जोडण्यात आले. क्षमता वाढावी, एवढाच हेतू होता. पण काही तासांतच ती सेवा अडखळू लागली आणि तिच्यावर विसंबलेल्या कॉग्निटो, क्लाउडवॉच या सेवाही तिच्या मागोमाग अडकल्या. बिघाडाची माहिती ग्राहकांना कळवण्याचं नेहमीचं साधन कॉग्निटोवर चालत असल्यामुळे ती माहितीही उशिरा पोचली. सगळं पूर्ववत व्हायला रात्र झाली.

कारण अॅमेझॉनने नंतर स्वतःच जाहीर केलं. त्या ताफ्यातला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एकेक थ्रेड उघडून ठेवत होता. ताफा वाढला तसे प्रत्येक यंत्रावरचे थ्रेड वाढले आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठरवून दिलेली थ्रेडची कमाल संख्या ताफ्यातल्या प्रत्येक यंत्राने ओलांडली.

त्यानंतरचा निर्णय मात्र शिकण्यासारखा आहे. तो आकडा तिथल्या तिथे वाढवून मोकळं होता आलं असतं. अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी पुरेशी चाचणी झाल्याशिवाय तसं करायला नकार दिला. त्यांनी जोडलेले सर्व्हर काढून घेतले, उरलेले तासाला काही शे या गतीने पुन्हा सुरू केले आणि पुढे संख्येने कमी पण ताकदीने मोठी यंत्रं वापरायचं ठरवलं. ग्राहक खोळंबलेले असताना असा धीर धरणं सोपं नसतं. पुण्या-मुंबईत सर्व्हर सांभाळणाऱ्या मराठी अभियंत्यांनीही तोच धीर अंगी बाणवायला हवा. कारण ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश पडद्यावर आला की पहिला हात जातो तो अशा मर्यादा बदलणाऱ्या ‘युलिमिट’ या कमांडकडे, आणि तिच्यापुढे लिहिला जातो ‘अनलिमिटेड’ हा शब्द.

युनिक्स घडलं तेच एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं म्हणून. सोसायटीच्या सामाईक टाकीचं पाणी एकाच घराने उपसलं तर बाकीच्यांचे नळ कोरडे पडतात. तसंच एका प्रोग्रामने प्रोसेसर, मेमरी किंवा उघड्या फाइली अडवून ठेवल्या की इतरांचं काम थांबतं. म्हणून १९८३च्या ४.२ बीएसडीमध्ये ‘सेटआरलिमिट’ आलं. त्यात प्रत्येक मर्यादेला दोन आकडे असतात. सॉफ्ट लिमिट म्हणजे सध्या लागू असलेली मर्यादा. ती प्रोग्रामला स्वतःहून वाढवता येते, पण हार्ड लिमिटपर्यंतच. हार्ड लिमिट सामान्य वापरकर्त्याला खाली आणता येते, परत वर नेता येत नाही. तो अधिकार रूटचा. ‘एस’ किंवा ‘एच’ न सांगता ‘युलिमिट’ने आकडा घातला की दोन्ही मर्यादा एकदम बदलतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण स्वतःलाच कोंडून घेतात.

ही मर्यादा आईबापांकडून मुलांकडे जावी तशी एका प्रोसेसकडून तिने जन्माला घातलेल्या प्रोसेसकडे जाते. म्हणूनच ‘युलिमिट’ ही वेगळी फाइल नसून शेलचाच भाग आहे. ती स्वतंत्र प्रोग्राम असती तर तिने स्वतःची मर्यादा बदलली असती आणि ती संपली असती. शेल होतं तिथेच राहिलं असतं.

लिनक्सवर उघड्या फाइलींची सॉफ्ट लिमिट साधारणपणे १,०२४ असते. आजच्या यंत्रांच्या मानाने हा आकडा हास्यास्पद वाटतो, कारण इथे नेटवर्कवरचं प्रत्येक कनेक्शनही फाइल म्हणूनच मोजलं जातं. पण त्यामागे ठोस कारण आहे. ‘सिलेक्ट’ या जुन्या फंक्शनला १,०२४च्या पलीकडचा फाइल क्रमांक हाताळताच येत नाही आणि ते वापरणारे जुने प्रोग्राम अजून चालू आहेत. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या २०१८च्या डिसेंबरात आलेल्या २४०व्या आवृत्तीने यावर फार शहाणा मार्ग काढला. हार्ड लिमिट ५,२४,२८८पर्यंत नेली आणि सॉफ्ट लिमिट १,०२४वरच ठेवली. ज्याला जास्त फाइली पेलतात त्या प्रोग्रामने स्वतः वाढवून घ्यावं. ज्याला पेलत नाहीत तो सुरक्षित राहतो.

याच्या उलट वागलं की काय होतं, तेही दिसलं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या सर्व्हिस फाइलमध्ये या मर्यादेपुढे ‘इन्फिनिटी’ लिहिलेलं होतं. कर्नलला अनंत कळत नाही. त्याला एक आकडा लागतो. सिस्टिमडीच्या त्याच आवृत्तीपासून ‘इन्फिनिटी’च्या जागी बसणारा हा आकडा १०० कोटींच्या वर गेला. आता कित्येक जुन्या प्रोग्रामांची सवय अशी, की नवीन प्रोसेस सुरू करताना शून्यापासून मर्यादेपर्यंतचा एकेक फाइल क्रमांक बंद करत जायचं, मग ती फाइल उघडी असो वा नसो. मर्यादा १,०२४ असताना हे डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. शंभर कोटी फेऱ्या मारायची वेळ आली तेव्हा कंटेनरमध्ये साधं पॅकेज बसवणंही रखडू लागलं आणि प्रोसेसर विनाकारण तापू लागला. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीने तर मर्यादेच्या हिशेबाने आधीच जागा राखून ठेवली आणि रिकामा डेटाबेसही अनेक गिगाबाइट मेमरी खाऊन बसला. अखेर डॉकरने २५व्या आवृत्तीत ती ओळच काढून टाकली.

फाइली उघडून बंद न करणारा सदोष प्रोग्राम मोठ्या मर्यादेने बरा होत नाही. तो फक्त उशिरा पडतो, आणि पडताना शेजाऱ्यांनाही घेऊन पडतो.

मात्र मर्यादा घालणंही आंधळेपणाने करून चालत नाही. ‘युलिमिट -एम’ लिहून मेमरी रोखल्याचं समाधान मिळतं; आजचं लिनक्स कर्नल तो आकडा स्वीकारतं आणि त्याकडे साफ दुर्लक्ष करतं. ‘-व्ही’ने पत्त्यांची जागा रोखली, तर जावासारखे प्रोग्राम सुरूच होत नाहीत, कारण ते न वापरलेली जागाही आधीच राखून ठेवतात. प्रोसेसच्या संख्येची मर्यादा एका वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस आणि थ्रेड मिळून मोजते. शिवाय ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मध्ये लिहिलेले आकडे लॉगिन करणाऱ्यांना लागू होतात, सिस्टिमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसला होत नाहीत. तिच्यासाठी सर्व्हिसच्या फाइलमध्येच ‘लिमिटएनओफाइल’ लिहावं लागतं. हे न कळल्यामुळे कितीतरी रात्री जागून निघाल्या असतील.

मेमरीचा खरा बंदोबस्त कर्नलमधल्या ‘सीग्रुप’ या सोयीने होतो. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये हे काम सुरू केलं आणि २००८च्या जानेवारीत ते लिनक्समध्ये आलं. त्यातल्या मेमरी कंट्रोलरच्या मूळ फाइलीवर आयबीएमच्या बलबीर सिंग यांचं नाव आहे. इथे मर्यादा एकेका प्रोसेसला नसून पूर्ण गटाला असते, त्यामुळे प्रोसेसने शंभर मुलं काढली तरी हिशेब एकच राहतो. कंटेनरच्या आजच्या सगळ्या जगाचा हा पाया आहे.

तरीही ‘युलिमिट’ शिकणं सोडू नये. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत त्याला एक तास पुरतो. नवीन शेल उघडायचं, ‘युलिमिट -टी ५’ लिहायचं आणि न थांबणारं लूप सोडायचं. पाच सेकंदांचा प्रोसेसर वापरून झाला की कर्नल तो प्रोग्राम मारून टाकतं. मग ‘-एन २०’ लिहून फाइली उघडत जाणारा प्रोग्राम चालवायचा आणि विसाच्या आतच येणारी चूक वाचायची. तीनेक क्रमांक आधीच का खर्ची पडले, ते शोधायला लावायचं. त्यानंतर चालू प्रोसेसची मर्यादा ‘प्रॉक’मधल्या तिच्या ‘लिमिट्स’ या फाइलीत कशी दिसते, आणि ‘पीआरलिमिट’ने ती प्रोसेस बंद न करता कशी बदलता येते, ते करून पाहायचं. नोकरीवर रुजू झालेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे पहिला सर्व्हर सोपवताना कंपनीनेही प्रत्येक मर्यादेचा आकडा, तो कुणी ठरवला आणि कशावरून ठरवला, हे लिहून द्यावं.